बळ्ळारी नाल्याचे पाणी आणि साडेसहा हजारांचा निधी

वडगाव-शहापूरच्या शिवारात ज्यांची शेती आहे त्यांना बळ्ळारी नाला समजावून सांगावा लागत नाही. बेळगाव शहराचे सांडपाणी पोटात घेऊन तो भाताच्या शेतांमधून जातो, पुणे-बेंगळुरू महामार्ग ओलांडून पूर्वेकडे निघतो आणि पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. पावसाळ्यात गाळ आणि जलपर्णी यांनी त्याची वाट अडली की पाणी शेतात शिरते आणि बेळगाव बासमतीची रोपे दिवसच्या दिवस पाण्याखाली राहतात. माझ्या काकांची दीड एकर शेती या नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. लहानपणी आम्ही त्यांच्या विहिरीचे पाणी ओंजळीने प्यायचो. आता ते कोणी पीत नाही, पण भाजीला आणि जनावरांना तेच लागते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला गेल्यावर प्रकल्पासाठी या विहिरींचे पाणी तपासायचे, हे माझ्या मनात पक्के होते. त्यासाठी पैसे कोण देते, कसे मागायचे आणि मिळाल्यावर हिशेब कसा द्यायचा, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. ही माहिती बहुतेक इंग्रजीत आणि थोडी कन्नडमध्ये असते. मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारख्या मुलामुलींना ती वाचता येते, पण तिचा अर्थ लावायला घरात कोणी नसते. म्हणून ऑगस्ट २०२३ पासून पुढचे वर्षभर जे घडले ते जसे घडले तसे लिहून ठेवत आहे.

आमच्याकडे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सातव्या सेमिस्टरला प्रकल्पाचा पहिला टप्पा होता आणि आठव्याला दुसरा. ऑगस्टच्या अखेरीस आमचा चौघांचा गट ठरला, दोन मुली आणि दोन मुलगे. पर्यावरण अभियांत्रिकी शिकवणाऱ्या सरांनी मार्गदर्शक होण्याचे मान्य केले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बीओडीचे (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) इन्क्युबेटर, सीओडीचा (तीच घाण रसायनांनी मोडायला लागणारा प्राणवायू) संच, पीएच मीटर आणि गढूळपणा मोजण्याचे यंत्र होते. कमी होती ती रसायनांची, बाटल्यांची आणि बाहेरच्या प्रयोगशाळेच्या शुल्काची. सरांनी पहिल्याच बैठकीत विचारले, "तुम्हाला नेमके काय मोजायचे आहे, किती ठिकाणी आणि किती वेळा? तेवढे कळल्याशिवाय पैशाचा आकडा काढू नका." त्या वेळी आम्हाला हा प्रश्न बाजूचा वाटला होता, परंतु पुढे सगळ्या अर्जाचा कणा तोच ठरला.

सप्टेंबरमध्ये आम्ही वाटा शोधल्या. पहिली वाट म्हणजे देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ती देतात. पदवीच्या विद्यार्थ्याला सुट्टीत दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळते, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. मात्र तिथे काम त्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत होते, आपल्या गावच्या विहिरीवर होत नाही. आमच्या गटातील एकाने तरीही अर्ज केला. त्याला हवे असलेले शिक्षकांचे शिफारसपत्र शेवटच्या दिवसापर्यंत मिळाले नाही आणि अर्ज अपुरा राहिला. त्याची खंत त्याला अजून आहे. शिफारस मागायची असेल तर निदान तीन आठवडे आधी मागावी, सोबत आपले गुणपत्रक आणि काय करायचे आहे त्याचा एक परिच्छेद द्यावा, म्हणजे शिक्षकांचा लिहिण्याचा भार हलका होतो.

दुसरी वाट माझ्या चुलत बहिणीकडून कळली. ती बीएस्सी करते आणि तिला केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, २००८ साली सुरू झालेली इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. वर्षाला ८०,००० रुपयांपैकी ६०,००० रुपये शिष्यवृत्तीचे आणि २०,००० रुपये उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन करण्याचे असतात. हे दुसरे २०,००० रुपये अनेक मुलांच्या लक्षातच राहत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले. अभियांत्रिकीला ही शिष्यवृत्ती लागू नाही, त्यामुळे आमच्यापुरती ती वाट बंद होती.

तिसरी वाट आमच्या कामाची निघाली. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेचे कार्यालय आहे. ही परिषद १९७७ पासून विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम चालवते. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे गट आपल्या प्रकल्पाचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत पाठवतात, निवड झालेल्यांना काही हजार रुपयांचे साहाय्य मिळते, मध्ये मूल्यमापन होते आणि निवडक प्रकल्प राज्य पातळीवरील प्रदर्शनात मांडले जातात. रक्कम मोठी नसते, हे सरांनी आम्हाला आधीच स्पष्ट सांगितले होते. तरीही त्यांचा आग्रह होता की अर्ज करावा, कारण परक्या माणसाला आपला विषय दोन-तीन पानांत पटवून देण्याचा सराव महाविद्यालयात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या सुट्टीत मी पहिला मसुदा लिहिला. त्यात नाल्याच्या प्रदूषणावर दीड पान होते, शेतकऱ्यांच्या हालावर अर्धे पान होते आणि खर्चाच्या जागी फक्त ३८,५०० रुपये असा आकडा होता. या आकड्यात पाण्याचे अनेक गुणधर्म एकदम मोजणारे एक यंत्र होते, कॅमेरा होता आणि "इतर खर्च" म्हणून ८,००० रुपये होते. सरांनी तो मसुदा माझ्यासमोर वाचला आणि प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न लिहिला: ही कोणत्या नमुन्यासाठी? यंत्र महाविद्यालयात होते, कॅमेरा फोनमध्ये होता आणि "इतर" या शब्दाला नमुना नव्हता.

मग आम्ही चौघे एका रविवारी काकांबरोबर शिवारात फिरलो आणि कागदावर जागा ठरवल्या. नाल्यावर चार ठिकाणे आणि आठ विहिरी, अशी बारा ठिकाणे. डिसेंबर ते एप्रिल चार फेऱ्या. म्हणजे ४८ नमुने. आठपैकी सहा विहिरी नाल्याच्या जवळ आणि दोन मुद्दाम दूर, चढाच्या बाजूला घेतल्या, म्हणजे तुलना करता येईल. प्रत्येक नमुन्यावर पीएच, विद्राव्य क्षार, कठीणपणा, क्लोराइड आणि नायट्रेट. नाल्याच्या पाण्यावर त्याशिवाय बीओडी आणि सीओडी. विहिरींच्या पाण्यावर जिवाणूंची तपासणी. विहिरीच्या पाण्याची तुलना पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस १०५०० शी करायची, ज्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही. नाल्याच्या पाण्याची तुलना पर्यावरण संरक्षण नियमांतील सांडपाण्याच्या मर्यादांशी करायची. तिथे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० आणि शेतीसाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याचा १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. एवढे ठरल्यावर खर्च आपोआप उतरला. रसायने ६,२०० रुपये, बाटल्या आणि बर्फपेटी १,९०० रुपये, बारा जिवाणू तपासण्या ३,६०० रुपये, प्रवास १,५०० रुपये आणि अहवालाची छपाई व बांधणी १,६०० रुपये, असे एकूण १४,८०० रुपये झाले. नव्या मसुद्यात नाल्याच्या वर्णनाला सहा ओळी उरल्या, आणि त्या पुरल्या.

प्रस्तावाच्या नमुन्यात प्रकल्पाचे नाव, विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांची माहिती, प्रास्ताविक, उद्दिष्टे, कार्यपद्धती, अपेक्षित निष्पत्ती आणि खर्चाचा तपशील असे भाग होते. उद्दिष्टे लिहिताना आम्ही "प्रदूषण कमी करणे" असे लिहिले होते. चार विद्यार्थी पाच महिन्यांत नाल्याचे प्रदूषण कमी करू शकत नाहीत, आणि वाचणाऱ्याला ते कळते. शेवटी "नाल्यालगतच्या सहा आणि दूरच्या दोन विहिरींच्या पाण्याची तुलना करणे व निकाल विहीरमालकांना त्यांच्या भाषेत देणे" असे लिहिले. हे वाक्य लिहिण्यासाठी आम्हाला चार दिवस लागले.

महाविद्यालयाची अंतर्गत मुदत ८ डिसेंबर होती. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तीन सह्या हव्या होत्या. प्राचार्य परगावी असल्यामुळे तिसरी सही मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाली, आणि तोपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. ज्या प्रतीवर सह्या घेता त्या प्रतीतील पानांचे क्रमांक, मार्गदर्शकांचे नाव आणि बेरीज सहीआधी दोघांनी तपासावी. आमच्या बेरजेत २०० रुपयांची चूक होती आणि ते पान पुन्हा छापून विभागप्रमुखांकडे पुन्हा जावे लागले. सूचनेत काही शुल्क सांगितलेले असेल तर ते महाविद्यालय भरणार की गट, हेही आधीच विचारून घ्यावे.

अर्ज गेला म्हणून थांबता येत नव्हते, कारण विद्यापीठाचे वेळापत्रक निधीची वाट पाहत नाही. नमुने डिसेंबरमध्येच घ्यायला हवे होते. चौघांनी प्रत्येकी १,५०० रुपये काढले आणि ६,००० रुपयांत काम सुरू केले. आमच्यापैकी एकाला ही रक्कम घरी मागणे अवघड होते. त्याने ती दोन हप्त्यांत दिली आणि त्याबद्दल गटात कोणी चर्चा केली नाही. निधीतून होणारा प्रकल्प मनात असेल त्याने हे गृहीत धरावे की पहिला खर्च स्वतःच्या खिशातून होणार आहे, आणि गटात तेवढी ऐपत सगळ्यांची आहे का, याचा विचार नमुन्यांची संख्या ठरवतानाच करावा.

विहिरींच्या मालकांची परवानगी आम्ही लेखी घेतली. मराठीत एका पानाचे पत्र केले, त्यात काय तपासणार, किती वेळा येणार आणि शेतकऱ्याचे नाव अहवालात येणार नाही, हे लिहिले. सात जणांनी लगेच सही केली. आठव्या विहिरीच्या मालकीणबाई सुरुवातीला तयार नव्हत्या. याआधीही कोणीतरी पाणी नेले होते आणि नंतर कोणी तोंड दाखवले नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "नेतेस तर ने की पाणी. पण काय निघालं ते सांगायला परत ये." मी येईन म्हटले. नाल्याचा नकाशा मिळवण्यासाठी एका सरकारी कार्यालयात अर्ज द्यायचा होता, तो कन्नडमध्ये हवा होता. गटातील कन्नड मित्राने तो लिहिला, मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य समजून घेतले, आणि पोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय आम्ही तिथून निघालो नाही. नकाशा तीन आठवड्यांनी मिळाला. त्या क्रमांकाशिवाय तो कदाचित मिळालाच नसता, कारण दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा टेबलावरची व्यक्ती बदललेली होती.

पहिली फेरी मंगळवार, १९ डिसेंबरला केली आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. बीओडीसाठी नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवून मग त्यातला प्राणवायू पुन्हा मोजावा लागतो. मंगळवारपासून पाचवा दिवस रविवार आला, सोमवारी नाताळची सुट्टी होती आणि प्रयोगशाळेला कुलूप होते. चारही बाटल्या वाया गेल्या, सोबत दिवसभराची मेहनतही गेली. त्यानंतर आम्ही प्रत्येक फेरीआधी दिनदर्शिका उघडून पाचवा दिवस मोजू लागलो. सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा पाचवा दिवस शनिवारी येतो, म्हणून सोमवार सोयीचा. परंतु तो शनिवार महिन्यातला दुसरा असेल तर महाविद्यालय उघडे आहे का, हे आधी विचारावे लागते. दुसरी फेरी परीक्षा संपल्यावर २९ जानेवारीला घेतली आणि ती व्यवस्थित झाली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर रसायने टाकून तो नाल्याच्या काठावरच स्थिर करावा लागतो, प्रयोगशाळेत नेईपर्यंत थांबता येत नाही. त्यासाठी दोन छोट्या बाटल्या, पिपेट, हातमोजे आणि वापरलेले पाणी परत आणण्यासाठी एक रिकामा कॅन नेहमी सोबत असावा. ते पाणी शेतात ओतू नये.

बर्फपेटी आणि बाटल्यांची पिशवी घेऊन आम्ही सरकारी बसने जात होतो. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाल्यामुळे आम्हा दोघींचा प्रवासखर्च शून्य होता आणि मुलांचाच तेवढा लागत होता. प्रवासाचे १,५०० रुपये मागताना हे आमच्या लक्षात आले नव्हते. पुढे हिशेबात ते कमी झाले, आणि तो पैसा रसायनांना मिळाला.

रसायनांत सर्वांत जड गेले ते सिल्व्हर सल्फेट. सीओडीच्या तपासणीत ते उत्प्रेरक म्हणून लागते आणि त्यात चांदी असल्यामुळे त्याची किंमत मोठी असते. आम्हाला २५ ग्रॅमच्या बाटलीचा भाव ३,९०० रुपये सांगण्यात आला. आमची गरज सहा-सात ग्रॅमची होती, कारण सीओडी फक्त नाल्याच्या पाण्याचा करायचा होता. दुसऱ्या एका गटालाही तेच हवे होते, म्हणून बाटली वाटून घेतली. मात्र बिल एकच असते आणि ते एकाच प्रकल्पाला लागते. ते त्यांच्या नावावर गेले आणि आमचा वाटा हिशेबाबाहेर राहिला.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले होते. मार्चमधील तिसऱ्या फेरीला दोन विहिरींची पातळी इतकी खाली गेली होती की बादलीचा दोर वाढवावा लागला. नाल्यात मात्र पाणी होते, कारण ते शहराचे होते. मसूर काढून झालेल्या शेताच्या बांधावर उभे राहून मी ते काळे पाणी वाहताना पाहिले आणि काकांच्या विहिरीकडे पाहिले, तेव्हा आपण जे मोजतो आहोत त्याचे वजन मला पहिल्यांदा जाणवले. याच महिन्यात आमचे पैसे संपले आणि प्रत्येकी आणखी ८१५ रुपये काढावे लागले.

एप्रिलच्या शेवटी निवडीची बातमी महाविद्यालयाच्या ईमेलवर आली. आमचा प्रस्ताव मंजूर झाला होता, रक्कम ६,५०० रुपये होती. आनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही वही उघडून बसलो. मागितलेल्या १४,८०० पैकी निम्म्याहून कमी रक्कम मिळणार होती. बाहेरच्या प्रयोगशाळेतील जिवाणू तपासण्या बारावरून चारवर आणल्या आणि उरलेल्या विहिरींसाठी पाण्याचा रंग काळा झाला तर दूषितपणा दाखवणाऱ्या साध्या बाटल्या वापरल्या. अहवालाच्या रंगीत प्रती सहाऐवजी दोन काढल्या. नमुन्यांची संख्या मात्र कमी केली नाही. कमी रक्कम मिळाली तर काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हे अर्ज करतानाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले असते तर ती रात्र सोपी गेली असती.

चौथी फेरी निवडणुकीच्या धामधुमीत झाली. बेळगावचे मतदान ७ मे २०२४ रोजी होते, सरांना निवडणुकीचे काम लागले होते आणि सह्यांसाठी दहा दिवस थांबावे लागले. मूल्यमापन एका नोडल केंद्रावर, म्हणजे अनेक महाविद्यालयांच्या गटांसाठी ठरवलेल्या ठिकाणी झाले. प्रत्येक गटाला थोडी मिनिटे मिळतात, त्यात तक्ता दाखवून बोलायचे असते. परीक्षकांनी दूरच्या दोन विहिरी का घेतल्या ते विचारले, आणि उत्तर ऐकून मान हलवली. मग त्यांनी विचारले की शेतात पाणी शिरते ते पावसाळ्यात, आणि तुमचे सगळे नमुने कोरड्या दिवसांतले, हे कसे? प्रश्न अगदी रास्त होता. अभ्यासक्रमाचे वेळापत्रक हे त्याचे कारण होते, परंतु ते कारण प्रस्तावात "मर्यादा" म्हणून आम्हीच लिहायला हवे होते. राज्य पातळीवरील प्रदर्शनासाठी आमची निवड झाली नाही. वाईट वाटले; परतीच्या बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

निधी महाविद्यालयाच्या खात्यावर जूनमध्ये जमा झाला आणि आमच्या हाती यायला आणखी महिना गेला. या महिन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे बहुतेक गट अडकतात. हिशेब विभागाने आमची बिले तपासली तेव्हा त्यातली काही नाकारली गेली. बर्फाच्या, दोराच्या आणि बादलीच्या पावत्या साध्या कागदावर होत्या. एका बिलावर माझे नाव होते, प्राचार्यांचे किंवा महाविद्यालयाचे नव्हते. एका बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. एका बिलाची तारीख खाडाखोड केलेली होती. दुकानदाराकडे पुन्हा जाऊन दोन बिले योग्य नावाने करून घेता आली, उरलेली सोडून दिली. आमचा एकूण खर्च ९,२६० रुपये झाला, नियमात बसणारी बिले ६,८१० रुपयांची निघाली, त्यामुळे ६,५०० रुपये पूर्ण मिळाले आणि २,७६० रुपये आमचे गेले, म्हणजे प्रत्येकी ६९० रुपये. दुकानात पहिल्यांदा पाय ठेवण्याआधी हिशेब विभागात जाऊन "बिल कोणाच्या नावाने हवे?" एवढे विचारले असते तर यातले काही वाचले असते. हे विचारायला विद्यार्थी बिचकतात, मीही बिचकले होते. पण तिथल्या मॅडमनी नंतर अर्धा तास बसून मला उपयोगिता प्रमाणपत्र कसे भरायचे ते शिकवले. मंजूर रक्कम, खर्च, शिल्लक, बिलांचे क्रमांक आणि प्राचार्यांची सही असा तो एका पानाचा कागद असतो. प्रत्येक बिलाची झेरॉक्स आधी काढून ठेवावी, कारण मूळ बिले परत मिळत नाहीत, आणि थर्मल कागदावर छापलेल्या पावत्या काही महिन्यांत पुसट होऊन वाचताही येत नाहीत.

निकालांचे आकडे मी इथे देत नाही. बारा ठिकाणे आणि एकच कोरडा हंगाम एवढ्यावरून एखाद्या शिवाराविषयी जाहीर विधान करणे योग्य नाही, आणि विहीरमालकांना नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिलेला आहे. ज्याचा त्याला निकाल मात्र आम्ही दिला. जुलैमध्ये प्रत्येक विहिरीसाठी मराठीत एक पान तयार केले. डाव्या बाजूला आम्हाला मिळालेला आकडा, उजव्या बाजूला मानकातील मर्यादा आणि खाली दोन ओळींत त्याचा अर्थ, जसे की हे पाणी पिऊ नये, भाजी धुवायला वापरू नये, किंवा क्षार जास्त असल्यामुळे रोपवाटिकेला सांभाळून द्यावे. नायट्रेट म्हणजे काय, उकळून ते का जात नाही, हे तोंडी सांगितले, कारण पाणी उकळले की सगळे दोष जातात असा समज बहुतेक घरांत होता. जिवाणू उकळण्याने मरतात, विरघळलेले क्षार तसेच राहतात.

आठव्या विहिरीच्या बाईंकडे मी शेवटी गेले. त्या दिवशी पाऊस जोरात होता, नाला काठोकाठ भरला होता आणि शेताच्या वाटेवर घोटाभर पाणी होते. त्यांनी कागद घेतला, नातवाकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि नंतर नाल्याकडे हात करून विचारले, "आता ह्या पाण्याचं कधी बघणार?" आमच्या परीक्षकांनी विचारला होता तोच हा प्रश्न होता. आमची पदवी तोपर्यंत पूर्ण झाली होती.

ऑगस्टमध्ये सरांनी पुढच्या वर्गातील चार जणांना आमच्याकडे पाठवले. त्यांना आम्ही बाटल्या, बर्फपेटी, विहिरींचा नकाशा, परवानगीपत्राचा नमुना आणि बिलांच्या झेरॉक्सची फाइल दिली. त्यांनी पहिला नमुना सप्टेंबरमध्ये, पावसाळा संपण्याआधी घेतला. खर्चाच्या पानावर त्यांनी प्रत्येक वस्तूसमोर नमुन्याचा क्रमांक लिहिला आहे. रसायनांचे पहिले बिल प्राचार्यांच्या नावाने आहे.